लाल अक्षरं वाचायची नसतात

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या आसपास असतो, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजं, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, टाकायला बसावं ते भर दुपारीच. डोकं तापलेलं असलं की निर्णय पटापट होतात.

पिपने, म्हणजे ही पॅकेजं टाकणाऱ्या प्रोग्रामने, लाल अक्षरं दाखवली तर वाचू नका. एका पॅकेजला नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज आवृत्ती 2 च्या खालचंच हवंय, दुसऱ्याला 2 च्या वरचंच, एवढंच त्यात असतं. कोण कोणाशी भांडतंय ते नावानिशी लिहिलेलं असतं, पण आपण काय तंटामुक्ती समितीत आहोत? जुना पिप किती सालस! मागाल ते टाकायचा, आधीचं मोडलं तर हळूच कुरकुरायचा. नोव्हेंबर 2020 मधल्या 20.3 या आवृत्तीपासून तो जमत नसेल तर तोंडावर नाही म्हणतो. एवढा स्पष्टवक्तेपणा बरा नव्हे.

प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा, करता येतं. 2012 च्या पायथन 3.3 पासून ही सोय आहे, फुकट, एका ओळीची. करू नका. वेगळी चूल मांडली तर भाऊबंदकी मिटेल ना!

त्यापेक्षा स्क्रीनचा फोटो काढून पुण्याच्या मावसभावाला पाठवा. फोटो तिरपा हवा, ट्यूबलाइटची चमक मधोमध हवी आणि ज्या ओळीत खरं कारण आहे ती कापली गेलेली हवी. ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं उत्तर येईल. समाधान माना.

डेबियन 12 हे लिनक्स तर सरळ अडवतं, सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका म्हणतं, आणि वेगळं एन्व्हायर्नमेंट कसं करायचं तेही तिथेच सांगतं. तुम्ही ‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हा पर्याय लावून पुढे सरका. कमांडच्या आधी सुडो, म्हणजे सगळे अधिकार देणारा शब्द, जोडला की कसं रुबाबदार वाटतं.

तरी नाहीच जमलं, तर उबंटू या लिनक्समधला पायथनच काढून टाका. त्याच्यावर अर्धा डेस्कटॉप उभा आहे. काय काय जाणार याची लांबलचक यादी ॲप्ट, म्हणजे उबंटूत प्रोग्राम टाकणारा-काढणारा, आधी दाखवेल, शेवटी विचारेलही. वाय दाबा, एंटर मारा.

मग काळी स्क्रीन घेऊन कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जा. ‘काय करून बसला भो?’ असं दुकानदार विचारेल. आपण म्हणायचं, ‘काहीच नाही, आपोआप झालं.’ तो फॉरमॅट मारेपर्यंत समोर शेवभाजी सांगून ठेवा, तिखट जास्त.