वेढ्यावर रील कशी बनवावी: माझ्याकडून फुकट सल्ला

परवा रात्री साडेअकराला भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक रील टाकली, खाली "मामा तुझा विषय". माझा विषय म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातले युरोपातले वेढे, यात लाजण्यासारखं काही नाही, लोक १९८३ च्या फायनलचा स्कोअर पाठ करतात, मी खंदक पाठ करतो. तर सत्तर सेकंदांची रील, विषय जर्मनीतल्या मॅग्डेबर्ग शहराचा वेढा, १६३१, हो तेच, फिजिक्सच्या पुस्तकातल्या अर्धगोलांचं मॅग्डेबर्ग. पहिल्याच शॉटमध्ये दगड फेकणारं लाकडी यंत्र. १६३१ ला! आणि शेवटी पोल: टीम टिली (शहराला वेढा घालणारा सम्राटाचा सेनापती) की टीम मॅग्डेबर्ग, कमेंटमध्ये सांगा. मी सांगितलं, तीन ओळींत, सभ्य भाषेत. रील बनवणाऱ्याचं उत्तर आलं, "काका चिल, कंटेंट आहे".

बरं. चिल झालो. आता तुम्हालाही अशी रील बनवायची असेल (बनवायचीच असणार, रिंग लाइट घेतलाय ना) तर काही टिप्स देतो.

तट उंचच उंच दाखवा. १४९४ ला फ्रान्सचा आठवा चार्ल्स तोफा घेऊन इटलीत उतरला आणि उंच भिंती किती लवकर ढासळतात ते सगळ्यांना कळलं, मग इटालियन लोकांनी तट बुटका केला, जाड केला, आत माती भरली आणि पुढे भाल्याच्या टोकासारखे कोनाचे बुरूज काढले, म्हणजे एका बुरुजावरच्या तोफेने शेजारच्या बुरुजाचा पाया झाडून काढता येतो, शत्रूला लपायला कोपराच उरत नाही. वरून हे तारा दिसतं. ड्रोन शॉटला झकास. पण तो तारा का आहे ते चुकूनही सांगू नका, व्ह्यूअर स्क्रोल करेल. (बघायचाच असेल तर विमानाचं तिकीट लागत नाही, लोकलने वसईला जा, पोर्तुगीजांनी बांधलेले तसलेच बुरूज आहेत. पण तिथे तुम्ही प्रीवेडिंग शूट करता, माहितीये मला.)

फावडं अजिबात दाखवू नका. तलवार दाखवा. वेढा म्हणजे नव्वद टक्के खोदकाम असलं म्हणून काय झालं? फ्रेंच इंजिनिअर वोबाँ, ज्याने आयुष्यात पन्नासच्या आसपास वेढे चालवले, त्याने १६७३ ला मास्ट्रिक्टला तटाला समांतर खंदक खणले, ते नागमोडी चरांनी एकमेकांना जोडले, आणि सरकत सरकत तटापाशी जाऊन दोन आठवड्यांच्या आत शहर घेतलं. बोअर आहे ना? मग 'थ्री मस्केटिअर्स' कादंबरीतला द'आर्तान्यां तिथेच गोळी लागून गेला तेवढं दाखवा. तो खरा माणूस होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कमेंट्स येतील.

क्रोसाँ आलाच पाहिजे. व्हिएन्ना, १६८३, तुर्कांचा वेढा फसला म्हणून बेकरीवाल्यांनी त्यांच्या चंद्रकोरीच्या आकाराचा पाव काढला, ती गोष्ट. पुरावा मागणाऱ्याला ब्लॉक करा.

तसंच ऑस्टेंड, आजच्या बेल्जियममधलं बंदर. १६०१ ते १६०४, तीन वर्षांच्या वर चाललेला वेढा, एका बाजूने समुद्र उघडा म्हणून डच जहाजं आत रसद आणि ताजी माणसं आणत राहिली आणि स्पॅनिश सैन्य बाहेर चिखलात झिजत राहिलं. हे सगळं सोडा, शहर पडेपर्यंत आतला कपडा बदलणार नाही अशी स्पॅनिश राजकन्या इसाबेलाने शपथ घेतली आणि त्यावरून त्या मळकट पिवळ्या रंगाला तिचं नाव पडलं, ते सांगा. तो रंग इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या कपड्यांच्या यादीत १६०० सालीच आहे, वेढ्याच्या आधी, पण तुम्हाला काय.

भूक टाळा. भुकेला बीजीएम लागत नाही. हॉलंडमधल्या लायडनचा पहिला वेढा मार्च १५७४ मध्ये उठला, लोकांनी हुश्श केलं आणि कोठारं नीट भरलीच नाहीत, मेमध्ये स्पॅनिश परत हजर. मग आपल्याच हाताने बांध फोडून शेतात पाणी घेतलं, वारा फिरायची वाट बघितली आणि सपाट तळाच्या होड्या ३ ऑक्टोबरला हेरिंग मासे आणि पांढरा पाव घेऊन शहरात आल्या. तोवर भूक आणि साथीत हजारो माणसं गेली होती. तिथे अजूनही ३ ऑक्टोबरला हेरिंग आणि पाव वाटतात. यात स्लो मोशन काय लावणार?

सैनिकांच्या थकलेल्या पगाराबद्दल बोलू नका, एचआरवाले बघत असतात.

आणि आता मेन टीप. शेवटी पोल टाका. टीम अमुक की टीम तमुक. मॅग्डेबर्गवर टाकायचा तर जरूर टाका, फक्त टाकायच्या आधी ती सकाळ काय होती ते एकदा वाचू नका, नाहीतर हात थरथरेल. शहराने स्वीडनच्या राजाशी हात मिळवला होता, राजाने फाल्केनबर्ग नावाचा आपला माणूस आत पाठवला होता, आणि तो शेवटपर्यंत सांगत होता की टिका, राजा येतोय. राजा येत होता, खरंच, पण ब्रँडेनबर्ग आणि सॅक्सनीवाले वाट द्यायला तयार नव्हते, बैठकांवर बैठका. इकडे दारूगोळा संपत आलेला. २० मे १६३१ ला सकाळी शहराची सभा बसली होती, शरण जायचं का नाही, कुठल्या अटींवर जायचं, आणि सभा संपायच्या आत टिलीच्या हाताखालच्या पापेनहाइमची माणसं शिड्या लावून तटावरून आत. सभा चालू आहे आणि गल्लीत कत्तल चालू आहे! त्या काळचा रिवाज असा की वेळेत शरण गेलात तर अटी मिळतात, १६२५ ला ब्रेडाला मिळाल्याच की, शिबंदी झेंडे घेऊन मानाने बाहेर पडली. पण चढाई करून घ्यावं लागलं तर शहर सैनिकांचं, लुटा, आणि हे सैनिक उपाशी. मग आग लागली. कुणी लावली यावर आजही वाद आहे. १९०० पैकी सुमारे १७०० घरं गेली. वीस हजारांच्या आसपास माणसं मेली, प्रेतं एल्ब नदीत ढकलली, हजारेक लोक कॅथेड्रलमध्ये होते म्हणून वाचले. तुमच्या पुस्तकातला ओटो फॉन गेरिके, अर्धगोलांना घोडे लावणारा, तो शहराचा कौन्सिलर होता, बायकामुलांसकट खंडणी भरून सुटला आणि त्यानेच हे सगळं लिहून ठेवलं. १६३२ ला माणसं मोजली. ४४९.

चारशे एकोणपन्नास, अख्ख्या शहरात!

आणि तू विचारतोयस टीम कुठली? कसली रे टीम? त्या गल्लीतल्या बाईची टीम कुठली होती? जर्मनीत त्या एका वर्षात यावर दोनशेच्या वर पत्रकं छापली गेली, म्हणजे तेव्हाही लोकांनी कंटेंटच केला, मान्य, पण निदान त्यांना माहीत होतं की काय झालंय. तू सत्तर सेकंदांत एक गोष्ट धड सांगितली नाहीस, यंत्र दोनशे वर्षं जुनं, मेलेल्यांचा आकडा गायब, आणि वर मला चिल म्हणतोस. मी काका नाही तुझा. दोन पानं वाचायला अर्धा तास लागतो, तेवढा तू म्युझिक निवडण्यात घालवला असशील. यंत्र राहू दे, फावडं नसू दे, क्रोसाँ पण घाल हवं तर.

तो पोल काढ आधी.