वायफाय ड्रायव्हरनं डोकं उठवलंय

सांगलीत विश्रामबागला घरून काम करतोय आणि लॅपटॉपचं वायफाय परत गायब, म्हणजे नेट गेलेलं नाही हां, त्याच राउटरवर मोबाईल धडाधड चालतोय, लॅपटॉपला मात्र नेटवर्कच दिसंना! विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, ड्रायव्हर (म्हणजे लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढा, जुना टाका, पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायला कार्ड बंद करायची ती टिक काढा, मग कुठं चालतं. आणि विंडोजचं पुढचं अपडेट आलं की न विचारता परत नवा ड्रायव्हर बसवतंय, ती टिकपण परत हजर. अरे चालू असलेल्या गोष्टीला हात कशाला लावता?? दुकानवाला म्हणतो कार्ड बदला. कार्डला काय धाड भरलीय, जुन्या ड्रायव्हरवर तेच कार्ड नीट चालतंय की!