माळढोकासाठी झाडं लावू नका

2025 च्या पावसाळ्यात मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून वाद पेटला, तेव्हा इथे न्यूझीलंडमध्ये बसून मी तो रोज वाचत होते. एका बाजूला श्वसनाचे विकार, दुसऱ्या बाजूला भूतदया. ज्या पक्ष्याला जगात कुठे तोटा नाही, त्याच्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली. माळढोक मात्र देशभरात मिळून जेमतेम दीडशेच्या घरात उरलाय, महाराष्ट्रात तो दिसला तर बातमी होते, आणि त्याचं कुणाला सोयरसुतक नाही.

याचं मूळ मला आपल्या शिकवण्यात दिसतं. आपण मुलांना दोन गोष्टी मनापासून शिकवतो: मुक्या जिवांवर दया करा आणि झाडं लावा. दोन्ही चांगल्याच, पण माळढोक त्यांनी वाचत नाही. झाडं तर त्याच्या मुळावरच येतात. त्याला उघडं, गवताळ माळरान लागतं आणि आपल्या लेखी माळ म्हणजे पडीक जमीन; पडीक दिसली की वृक्षारोपण! त्यात हा पक्षी जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारा आयत्या वेळी चुकवता येत नाहीत. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते. ही कारणं चौथीतल्या मुलालाही कळतात. आपण त्याला ‘पक्षी वाचवा’ असं चित्र रंगवायला देतो.

इथली मुलं काकापोंना नावानं ओळखतात. न उडणारा हा निशाचर पोपट 1995 मध्ये अवघा 51 उरला होता; 2022 मध्ये 252 झाला. तो का संपत आला, हे मुलांना आडपडदा न ठेवता सांगतात: माणसांनी आणलेले उंदीर, स्टोट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी), मांजरं. 2050 पर्यंत उंदीर, स्टोट आणि पोसम (झाडावर राहणारा, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी) देशातून हद्दपार करायचे, असं सरकारनं 2016 मध्ये जाहीर केलं. त्यामुळे परसात सापळा लावून मेलेला उंदीर मोजणं हा इथे मुलांचाही उद्योग असतो.

हे सगळंच मला पटत नाही. 2023 मध्ये एका शिकार स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी रानमांजरं मारण्याचा गट ठेवला होता. गदारोळ झाल्यावर तो रद्द केला, पण तो कुणाला सुचला, हेच मला बोचतं. पोसम फरसाठी ऑस्ट्रेलियातून आणले, स्टोट सशांचा बंदोबस्त करायला. खलनायक ठरवायचाच तर आधी माणूस येतो. आणि निर्मनुष्य बेटांवर काकापो सांभाळणं सोपं नसलं, तरी तिथे कुणाचा सातबारा आडवा येत नाही.

सोलापूरकडे सातबारा आडवा येतो. 1979 मध्ये जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य कागदावर 8,496 चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावंच्या गावं आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. शेतकऱ्याचा हा राग वर्गात सांगितल्याशिवाय माळढोकाचा धडा अर्धाच राहतो.

‘एवढ्याशा पोरांच्या डोक्याला कशाला घोर?’ असं घरून हमखास ऐकायला मिळतं. नुसतं ‘प्राणी नामशेष होताहेत’ म्हटलं तर घोर खराच. पण गिधाडांचं घ्या. 1990 च्या दशकात ती झपाट्यानं संपली. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडं निकामी होत. शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं, 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, मेलॉक्सिकॅमचा पर्याय मिळाला. रहस्यकथाच आहे ही, मुलं कान टवकारून ऐकतील.

मोठ्या मुलांना याहून अवघड काही द्यावं. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकांसाठी विजेच्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. 2024 मध्ये सौरऊर्जेचीही गरज आहे म्हणून तो आदेश सैल केला. नववी-दहावीच्या मुलांसमोर दोन्ही आदेश ठेवा आणि त्यांना तासभर कडाकडा भांडू द्या. ‘झाडे लावा’वरचा एखादा निबंध त्यापायी राहिला तरी चालेल.