‘दोन-चार महिन्यां’च्या आक्षेपाला उत्तर

स्तनाच्या कर्करोगाच्या चौथ्या टप्प्यावरील, म्हणजे तो शरीरात इतरत्र पसरल्यानंतरच्या, नव्या उपचारांविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. हा टप्पा पूर्ण बरा होत नसताना असे लेख रुग्णांना खोटी आशा लावतात, हा पहिला. आणि ही महागडी औषधे आयुष्यात फार तर दोन-चार महिन्यांची भर घालतात, हा दुसरा. दुसरा आक्षेप सर्व औषधांना सरसकट लावणे मला मान्य नाही.

आपल्या शंकेला आधार नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. बेव्हासिझुमॅब या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये या आजारासाठी त्वरित मान्यता दिली, कारण आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ त्याने लांबवला होता. परंतु त्यामुळे रुग्णांचे आयुष्य वाढते असे सिद्ध झाले नाही, दुष्परिणाम गंभीर होते, आणि २०११ मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली. आजार आटोक्यात राहण्याचा काळ वाढला म्हणजे आयुष्य वाढलेच असे नाही. म्हणून एखाद्या औषधाविषयी वाचताना यांपैकी कोणता आकडा दिला आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

हीच कसोटी हर-टू प्रकारच्या, म्हणजे पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या, कर्करोगाला लावून पाहावी. या प्रथिनावर नेमका मारा करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये येण्यापूर्वी हा प्रकार विशेष आक्रमक म्हणून ओळखला जाई. पुढे ट्रास्टुझुमॅब आणि केमोथेरपी यांच्या जोडीला पर्टुझुमॅब हे हर-टूवरीलच दुसरे औषध दिले गेले, तेव्हा आयुर्मानाचा मध्यक सुमारे ४१ महिन्यांवरून ५७ महिन्यांवर गेला, आणि आठ वर्षांनंतर त्या गटातील ३७ टक्के रुग्ण हयात होत्या. पर्टुझुमॅब न मिळालेल्या गटात हे प्रमाण २३ टक्के होते. मध्यकाचा अर्थ निम्म्या रुग्ण त्याहून अधिक काळ जगल्या, असा आहे. ज्या स्त्रीला चौथा टप्पा ऐकल्याबरोबर सारे संपले असे वाटते, तिच्यापर्यंत ही माहिती पोहोचलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

संप्रेरकांवर वाढणाऱ्या कर्करोगात लेट्रोझोल या संप्रेरक घटवणाऱ्या औषधासोबत पेशींचे विभाजन रोखणारे रायबोसिक्लिब दिल्यावर रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये हा मध्यक ५१.४ महिन्यांवरून ६३.९ महिन्यांवर गेला. त्याच वर्गातील पाल्बोसिक्लिबने आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ लक्षणीयरीत्या लांबवला, पण तशाच चाचणीत आयुर्मानातील स्पष्ट वाढ दिसली नाही. एका वर्गातील दोन औषधांनाही एका मापाने मोजता येत नाही, ते असे.

ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात, म्हणजे ज्यात संप्रेरकांचे ग्राहक नसतात आणि हर-टूही जास्त नसते अशा कर्करोगात, आपले म्हणणे वस्तुस्थितीच्या बरेच जवळ जाते. आधी केमोथेरपी घेऊन झालेल्या रुग्णांमध्ये सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकन या औषधाने आयुर्मानाचा मध्यक ६.७ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर नेला. हे सुमारे साडेपाच महिने थोडे की पुष्कळ, हे त्या रुग्णाने ठरवायचे आहे, आणि त्यासाठी लाभाइतकीच त्रासाचीही माहिती तिला मिळाली पाहिजे. हर-टूचे प्रमाण अल्प असलेल्या रुग्णांनाही उपयोगी ठरलेल्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकनने काहींच्या फुप्फुसांना दाह होतो आणि तो क्वचित प्राणघातक ठरतो; म्हणून हे औषध चालू असताना नवा खोकला किंवा धाप लागणे डॉक्टरांना तत्काळ सांगायला हवे.

आता उद्याच्या उपचारांविषयी. रक्तात सापडणाऱ्या कर्करोगाच्या डीएनएमधून ईएसआर-वन या इस्ट्रोजेन संप्रेरकाच्या ग्राहकाशी संबंधित जनुकातील बदल स्कॅनवर आजार वाढलेला दिसण्यापूर्वीच ओळखून औषध बदलण्याचा प्रयोग झाला आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॅमिझेस्ट्रंट या नव्या संप्रेरकरोधक औषधावर वळवलेल्या रुग्णांचा आजार मध्यकानुसार १६ महिने आटोक्यात राहिला, तर जुनेच औषध चालू ठेवलेल्यांचा ९.२ महिने. मात्र हा आजार आटोक्यात राहण्याचा आकडा आहे. आयुष्य वाढल्याचा पुरावा त्या निष्कर्षांत नव्हता, आणि बेव्हासिझुमॅबला लावलेली कसोटी मी यालाही लावीन.