नोंद आधी पुरी करा, मग ब्लॉकचेन

ब्लॉकचेनवरची (अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीतली) नोंद कुणाला बदलता येत नाही, म्हणून नगरपरिषदांनी घर-जमिनीच्या नोंदी तिथे न्याव्यात, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. कोकणातलं खरं दुखणं नोंदी मुळातच अपुऱ्या असण्याचं आहे. आमच्या रत्नागिरीकडच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या चुलतभावांची नावं अजून तशीच आहेत, एकाचं तर आडनावच चुकलंय. निम्मे वारस मुंबईत, वारसनोंद कुणी केलीच नाही. लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेल्या अशा चुका, सुधारायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. ती वाट नव्या पद्धतीत कुठून जाणार, हे आधी सांगा.

क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनात, घरपट्टी भरण्याची सूचना तर नकोच. ते आपल्याकडे कायदेशीर चलन नाही, शिवाय २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. घरपट्टी यूपीआयने भरता येते की!