चिंक्वे तेर्रे दोन तासांत ‘करायचं’ नसतं

आज सकाळी मावशीने फॅमिली ग्रुपवर तिच्या युरोप टूरचा कार्यक्रम टाकला. चौथा दिवस : ‘चिंक्वे तेर्रे, फोटो स्टॉप, दोन तास. दुपारी पिसा.’ वाचलं आणि डोकंच फिरलं. पाच गावं आणि दोन तास! त्यातला निम्मा वेळ ट्रेनची वाट बघण्यात जाणार.

मोंतेरोस्सो, वेर्नाझ्झा, कॉर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर कड्याला बिलगून बसलेली गावं. दोन वर्षांपूर्वी आम्ही कॉर्निल्यात चार रात्री राहिलो. पाचांत हे एकच गाव उंचावर आहे, समुद्रापासून शंभरेक मीटर. स्टेशन खाली, गाव वर आणि मधे लार्दारिना नावाचा 382 पायऱ्यांचा जिना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्राक्षमळ्यांतून चालत होतो. फोटोसाठी मी एका दगडी बांधावर टेकले आणि वरचा दगड निसटून खालच्या वेलींत जाऊन पडला. शेजारच्या मळ्यात एक आजोबा काम करत होते, ते आले. ओरडले नाहीत. दगड उचलला, जागेवर ठेवला, हलवून पाहिला, काढला, फिरवून परत ठेवला. तिसऱ्या खेपेला तो बसला. मग बोटाएवढी कपची शोधून फटीत ठोकली आणि वर तळहात दाबून पाहिला. मी नुसती ‘स्कूझी, स्कूझी’ (माफ करा) म्हणत उभी. त्यांनी मान हलवली आणि कामाला गेले.

मला तिथेच रडू आलं. कारण हा आपल्या कोकणातला गडगा! ना चुना, ना सिमेंट, दगडावर दगड. राजापूरकडे आमचे आजोबा दर वैशाखात ढासळलेला गडगा असाच सारखा करायचे, असाच तळहात ठेवून बघायचे.

त्या पाच गावांचा अख्खा डोंगर या बांधांवर उभा आहे. शेकडो वर्षं माणसांनी उतार कापून पायऱ्या केल्या, त्यावर द्राक्षं लावली. तीच द्राक्षं सुकवून शाक्केत्रा नावाची गोड वाइन करतात. 1997 साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हटलं ते या माणसांच्या मेहनतीसाठी, रंगीत घरांच्या फोटोंसाठी नव्हे. 2018 मध्ये तर असे कोरडे बांध रचण्याची विद्याच वारसा यादीत गेली, इटलीसह आठ देशांची.

मळे ओस पडले की बांध सुटतात आणि बांध सुटले की डोंगर खाली येतो. 25 ऑक्टोबर 2011 ला धो धो पाऊस पडला आणि वेर्नाझ्झा, मोंतेरोस्सोच्या गल्ल्या चिखल-दगडांनी भरल्या. माणसं गेली. रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रसिद्ध ‘प्रेमाची वाट’ 2012 मध्ये दरड कोसळून बंद झाली, ती पूर्ण उघडायला 2024 उजाडलं. अशा ठिकाणी झुंडीने उतरायचं, एका गल्लीत गर्दी करायची, आइस्क्रीम खायचं, फोटो काढायचा, निघायचं. त्या झुंडीतलं रात्री तिथे कुणी राहत नाही, मळ्याच्या वाटेवर कुणी जात नाही. याला ‘बघून झालं’ म्हणायचं? हे वाचणारे आपण सगळे असं फिरत नाही म्हणून तर इथे हक्काने चिडतेय.

हो, मान्य आहे. सुट्ट्या मोजक्या असतात, व्हिसाचा खर्च असतो, वयस्कर माणसांना ग्रुपचा आधार वाटतो. ठीक आहे. मग पाचातलं एकच गाव घ्या ना! पिसा सोडा.

लिहिता लिहिता राग उतरलाय. मावशीचा काय दोष, तिने आयुष्यभर पै-पै साठवून हे तिकीट काढलंय. आणि त्या आजोबांनी मला एका शब्दाने दुखावलं नव्हतं, मी मात्र सकाळी ग्रुपवर तिला फटकन बोलले. तिथे माफी मागितली आहे, इथेही मागते.

मावशी, टूर संपल्यावर चार दिवस जास्त राहा, कॉर्निल्यात खोली मी बघते. गुडघ्यांची काळजी करू नकोस, स्टेशनपासून वर छोटी बस जाते. फक्त मळ्यात गेलीस तर बांधावर बसू नकोस.