घराची बदनामी

मालमत्ता कराच्या नोटिशीवर हरकत घ्यायची तर आधी मन घट्ट करून स्वतःच्या घराला नावं ठेवायला शिकावं लागतं. पाहुण्यांना ‘किती हवेशीर आहे बघा’ म्हणून दाखवलेली खोली सुनावणीत कोंदट होते. भिंतीवरच्या ओलीचे फोटो मी इतक्या प्रेमाने काढले, तेवढे लग्नातही कोणी काढले नव्हते.

दुसरा इलाजच नसतो. ‘कर झेपत नाही’ हे रडगाणं तिथे चालत नाही. दर ठरवणारे वेगळे. सुनावणीचे साहेब फक्त घराचं मूल्य बरोबर धरलंय का, एवढंच बघतात. तेही चुकलंय हे आपणच सिद्ध करायचं. मूळ आकडा काढताना बहुधा कोणी घरात डोकावलेलंही नसतं. क्षेत्रफळ, वय, वस्ती, बांधकामाचा प्रकार घालून हजारो घरांना एकच सूत्र लावतात. सूत्राला गळकं छत कुठून दिसणार? शिवाय बऱ्याच ठिकाणी अपील चालू असलं तरी कर थांबत नाही. आधी भरा, मग भांडा.

पुराव्याला लागतात आसपासची तशीच घरं. ‘शेजाऱ्यांचं घर आमच्याहून मोठं, उजेडही जास्त, तरी मूल्य कमी’ असं मी लिहून दिलं. आता जिन्यात भेटले की मीच आधी चपला शोधायला खाली वाकतो. इंग्लंडात तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, अजून १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर चालतो, आणि तिथे हरकत घेतली तर ज्या किंमत-गटावरून कर ठरतो तो आपला गट वर जाऊ शकतो, शेजाऱ्यांचाही. तिथले लोक जिन्यात काय करत असतील, कोण जाणे.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ठीक आहे, निरीक्षक येऊन बघतील.”

इथे माझा खटला घरातूनच फुटला. “परका माणूस येणार आणि हे असलं घर दाखवायचं?” म्हणत हिने ओलीवर नवा पडदा टांगला, फरशी लख्ख पुसली. त्याच इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, तेव्हा लोकांनी तो चुकवायला खिडक्या विटांनी बुजवल्या. त्यांच्या बायकांनी हे कसं होऊ दिलं, हे मला खरंच विचारायचंय.

निरीक्षक आले. मी पडदा बाजूला सारायचो, ही परत ओढायची. “छताचा काही त्रास?” त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, “छे हो, एक थेंब नाही!”

त्यांनी काहीतरी लिहिलं, फाइल मिटली आणि जाता जाता म्हणाले, “वहिनी, घर छान ठेवलंय हं.”

ही फुलून गेली. “अहो, वरची नवी खोली कुठे बघितलीत अजून?”

त्यांनी फाइल पुन्हा उघडली.